भिंगरी

"गीळ बघू एकदा."

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या हातात पाण्याचा पेला दिला. तिने घोट घेतला तशी गळ्यातली गोलसर गाठ वर चढली आणि पुन्हा खाली उतरली. पेला टेबलावर टेकतो न टेकतो तोच पोरगी खुर्चीवरून उठून वजनकाट्यावर चढली, उतरली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"अगं, एका जागी बस की!" आई ओशाळून म्हणाली. "शाळेतूनही हीच तक्रार आहे हो. बाई म्हणतात, हिच्या अंगात पारा भरलाय."

"आणि तुमच्या गळ्यावरचा हा व्रण कसला?"

आईचा हात आपसूक गळ्याकडे गेला. "ऑपरेशनचा. मलाही अशीच गाठ होती. थायरॉइडची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, हिच्याबरोबर तुमचंही रक्त घेते मी आज."

मुलीची आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काजं-बटणं करायची. तिथे तिला सगळे भिंगरी म्हणत. नव्या आलेल्या मुलींना ती थट्टाच वाटे, कारण साऱ्या कारखान्यात तिच्याइतकं सावकाश कुणी नव्हतं. पण ते नाव थट्टेने पडलेलं नव्हतं. लहानपणी ती खरोखरच भिंगरी होती. जिना चढायची तो दोन-दोन पायऱ्या ओलांडत, जेवायची ती अर्धी उभ्यानेच. वडीलही तसेच होते. लेथवर काम करता करता एके दिवशी ते छातीला हात लावून खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

म्हणूनच एकोणिसाव्या वर्षी तिचं काळीज उगाचच धडधडायला लागलं, हात कापायला लागले, तेव्हा तिच्या थोरल्या भावाने हाय खाल्ली. वडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं होतं. रक्तात थायरॉइडचा रस भलताच वाढलेला निघाला. मोठे डॉक्टर म्हणाले, ग्रंथी चेकाळली आहे, काढून टाकू. दादाने मागचापुढचा विचार केला नाही. सही केली आणि ऑपरेशन होईपर्यंत दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिला. पुढे कितीतरी वर्षं तो येईल त्याला सांगायचा, "बापाला नाही वाचवू शकलो, पण हिला वाचवली."

ती वाचली खरी, पण तिची चाल गेली. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, तरी अंग शिशासारखं जड. भर उन्हाळ्यात बोटं गार पडत आणि सुई निसटे. कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं की डोळा लागे. तपासणीला गेली की डॉक्टर कपाळाला आठ्या घालत. एक मात्रा वाढवी, दुसरा रिपोर्ट पाहून घाबरून कमी करी. शेवटी सगळ्यांचं एकच, "बाई, तुम्ही गोळ्या नियमित घेत नाही."

"घेते हो."

"मग हे आकडे काय खोटं बोलतात?"

नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा. स्वभावाने सरळ माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण डॉक्टरांचं बोलणं त्याच्या मनात घर करून राहिलं. रोज सकाळी तो पाण्याचा पेला घेऊन समोर उभा राही. ती गोळी गिळी आणि लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवी. मग तो कामाला जाई.

मायलेकींचे रिपोर्ट आले त्या दिवशी तोही बरोबर होता.

"हे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलीच्या रक्तात थायरॉइडचा रस भरपूर आहे. पण तिच्या शरीराला त्याची हाक नीट ऐकूच येत नाही. मेंदूला वाटतं रस कमी पडतोय, म्हणून तो ग्रंथीला सांगत राहतो, अजून बनव. म्हणून ही गाठ. काळजाला मात्र ती हाक चांगली ऐकू येते, म्हणून धडधड. एरवी रस वाढला की मेंदूचा हुकूम बंद पडतो. हिचा चालूच आहे. जन्मजात आहे हे, आई-बापाकडून येतं."

"माझ्याकडून?"

"हो. आणि तुम्हाला बहुधा तुमच्या वडिलांकडून."

"मग हिचं ऑपरेशन कधी करायचं?"

"करायचंच नाही. तिला हवा तेवढा रस तिचं शरीर स्वतःच बनवतंय. काळजावर लक्ष ठेवू, फारच धडधडलं तर त्यापुरती गोळी देऊ. बाकी तिला खेळू द्या."

भिंगरी हलकेच म्हणाली, "म्हणजे माझंही करायला नको होतं."

डॉक्टरीणबाईंनी नजर चुकवली नाही. "नको होतं. तेव्हा हा आजार फार कुणाला ठाऊक नव्हता. आता ग्रंथीच नाही, आणि नेहमीच्या मात्रेची हाक तुमच्या शरीरापर्यंत पोचत नाही. तुम्हाला पुष्कळ जास्त गोळ्या लागतील. काळीज सांभाळून हळूहळू वाढवू." त्यांनी रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला. "ताई, तुम्ही गोळ्या घेत होतात. रिपोर्टात दिसतंय ते. ग्रंथी नसताना रक्तात एवढा रस आहे, तो गोळ्यांचाच."

ऑपरेशनचं ऐकून ती रडली नव्हती. आता मात्र तिला हुंदका आवरेना. नवरा शेजारी आपल्या तेलकट नखांकडे पाहत बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तो पेला घेऊन आला. तिच्यासमोर आला आणि थबकला. पेला टेबलावर ठेवून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. कामाची वेळ टळून गेली तरी तो तिथेच होता.

गोळ्या वाढत गेल्या. दर वेळी काळजाचा आलेख निघे, मग पुढची पायरी. असे काही महिने गेले आणि एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच तिचा गठ्ठा संपला.

"काय गं भिंगरे, कुणाकडून करून घेतलंस?" शिलाईचा मास्तर ओरडला. सगळ्या हसल्या. तीही हसली आणि हात धुवायच्या निमित्ताने मोरीपाशी गेली. नळ सोडून ती पोटभर रडली. हातांचा तो वेग तिने ओळखला होता. तो तिचाच होता. तिचं लग्न, तिचं बाळंतपण, सगळं त्याच्यावाचूनच होऊन गेलं होतं. मुलगी रांगायला केव्हा लागली, पहिलं पाऊल कधी टाकलं, काही केल्या तिला आठवेना. त्या दिवसांतली आठवत होती ती फक्त झोप.

पुढच्या रविवारी दादा आला. भाचीला गाठ आहे हे त्याच्या कानावर उशिरा गेलं होतं. गुडघे धरत, धापा टाकत तो वर चढून आला आणि बसायच्या आधीच बोलू लागला.

"ऑपरेशन करून टाक, ढकलत बसू नकोस. तुझ्या वेळी मी एक दिवस वाया घालवला नव्हता."

नवऱ्याने तोंड उघडलं, तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. तो उठून आत गेला.

"आता ऑपरेशन करावं लागत नाही, दादा," ती म्हणाली. "नवीन औषधं निघालीत."

"गोळ्यांवरच भागतं?"

"हो."

"बरं झालं बाई. पोरीचा गळा वाचला." त्याचे डोळे तिच्या गळ्यावरच्या व्रणावर खिळले. तो म्हणाला, "तुझ्या वेळी नव्हती ना ही औषधं?"

"नव्हती."

"नव्हतीच ना?"

"नव्हतीच, दादा. असती तर तू आणली नसतीस का?"

त्याने मान हलवली. चहा निवून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं. मग तो जायला उठला. मामाला सोडून येते म्हणत मुलगी धावत सुटली. दादा कठडा धरून एकेक पायरी उतरू लागला. तो अर्ध्या जिन्यात पोचेतो ती खाली जाऊन वर येऊन पुन्हा खाली पळाली होती.

भिंगरी दारात उभी होती. "हळू!" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला आणि खाली दूर जाणारी ती धावती पावलं ऐकत राहिली.