उघडेल ते पान

वडिलांच्या स्मरणसभेत शास्त्रवाचन कोण करणार, हे आत्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. सभेला तासभर उरला असताना ती भाचीकडे पुस्तकबांधणीच्या दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"मी वाचते. मध्येच तुझं ते सुरू झालं म्हणजे?"

'ते' म्हणजे छातीतली धडधड, हातांचा कंप, कोंडणारा श्वास. दोन वर्षं झाली, घरात त्याला दुसरं नाव मिळालं नव्हतं.

"आणि बायबलात जिथं चिंता करू नका म्हटलंय, तोच उतारा घेऊ. दादाला शोभेल. जन्मात घाबरला नाही माझा भाऊ. तू कुणावर गेलीस, देव जाणे."

"तुझ्यावर नाही, एवढं नक्की. तुला तर चर्चचे पाळकसुद्धा घाबरतात."

आत्याने येऊ घातलेलं हसू गिळलं. "जीभ बरी चालते. दादाचं बायबल तेवढं घेऊन ये," म्हणून आत्या निघून गेली.

बायबल फळीवर होतं. गिऱ्हाइकांची पुस्तकं आधी, असं म्हणता म्हणता वडिलांचं स्वतःचं तसंच राहून गेलेलं. पुठ्ठा सुटत आला होता. निदान दोन टाके घालावेत म्हणून तिने ते खाली घेतलं आणि हाताच्या सवयीने कण्यावर उभं धरून दोन्ही बाजू सोडून दिल्या. ही वडिलांचीच रीत. पुस्तक जिथं सगळ्यात जास्त वाचलेलं असतं तिथं आपोआप उघडतं, आणि जिथं उघडतं तिथं पहिला टाका.

उघडलं ते चिंता करू नका म्हणणारं पान नव्हतं. तिने पुन्हा सोडून पाहिलं. तेच पान. तिसऱ्यांदाही तेच.

ते एक स्तोत्र होतं. त्यातला माणूस रोज सकाळी देवाला हाका मारतो, माझ्यापासून तोंड का लपवतोस म्हणून जाब विचारतो, आणि शेवटी आभाराचा एक शब्दही न बोलता अंधारातच थांबतो. समासात पुठ्ठे चिकटवायच्या खळीने माखलेल्या अंगठ्याचे ठसे होते. एकावर एक, कित्येक वर्षांचे.

रोज दुकान उघडण्याआधी वडील तासभर आतून कडी लावून बसत. खळ शिजवतोय, म्हणत. खळ शिजायला दहा मिनिटं लागतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आधी तिला रागच आला. एकदा तरी बोलायचं होतंत, बाबा. मग ती सुई ओवायला बसली. दोरा चौथ्या खेपेला गेला.

सभेत पाळकांनी वाचनासाठी बोलावलं तेव्हा आत्याच्या आधी ती उठली. आत्याने तिचा पदर धरला.

"हात बघ तुझे."

"बघितले. बाबांचेच आहेत."

ते स्तोत्र वाचताना श्वास दोनदा कोंडला. दोन्ही वेळा ती थांबली, लोकांना थांबायला लावलं, आणि त्याच ओळीपासून पुन्हा वाचू लागली. धडधड काही गेली नाही. पण एका भेदरलेल्या माणसाचं भांडण देवाने आपल्या पुस्तकात ठेवून घेतलं होतं, खोडून टाकलं नव्हतं. तिथं तिलाही जागा होती. शेवटच्या शब्दापर्यंत, अंधारापर्यंत, तिने वाचलं.

आत्या खाली मान घालून रुमाल शोधत होती. पुढचा, जरा गोड उतारा काढावा म्हणून पाळकांनी हळूच पानाकडे हात नेला.

तिने पानावरचा हात उचलला नाही.