पुठ्ठ्याची सुटकेस आणि बिनमिठाचा पाव

मित्रांनो, मी एक जुनी सुटकेस आहे. लांबून पाहिलंत तर चामड्याची वाटेन, जवळ आलात तर पुठ्ठ्याची. माझ्या कारागिरानं पुठ्ठ्यावर तपकिरी रंगाचे दोन हात दिले, कोपऱ्यांना पत्रा ठोकला आणि गिऱ्हाइकाला बजावलं, "पाणी लागू देऊ नका." चामड्याच्या वस्तूबद्दल कुणी असं बजावत नाही. पण गिऱ्हाईक लग्नाच्या घाईत होतं.

ते गिऱ्हाईक म्हणजे दोनातो. इटलीच्या दक्षिणेला आल्तामुरा गावात त्याची पावाची भट्टी. गावातल्या बायका घरी पीठ मळून भाजायला त्याच्याकडे आणत. पावांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराचा एक लाकडी शिक्का असे, तो कच्च्या गोळ्यावर उमटवायचा. दोनातोला शिक्का बघावाही लागत नसे. पावाची कड पाहून तो सांगे, हा शिंपिणीचा, हा डॉक्टरांच्या घरचा, आणि हा जिनं मळला तिचं आज सकाळी सासूशी वाजलेलं आहे.

१९६१च्या एप्रिलमध्ये त्याचं आसुन्ताशी लग्न झालं. आसुन्ता भरतकाम करायची. माहेरी तिच्या पलंगाच्या वर कॅलेंडरातून कापलेलं एक चित्र होतं: देवदूत खाली वाकून येशूच्या आईला, मारियेला, निरोप सांगतो आहे. त्या देवदूताच्या पंखांवरून ती रंगीत दोरे निवडायला शिकली होती. खरं चित्र फ्लॉरेन्सला, एका मठाच्या भिंतीवर. म्हणून लग्नाला हो म्हणताना तिनं एकच अट घातली, मधुचंद्र फ्लॉरेन्सला. दोनातो लगेच कबूल झाला. चंद्रावर म्हणाली असती तरी झाला असता, फक्त सोमवारी भट्टीवर परत येता आलं पाहिजे.

मला भरायचं काम आसुन्ताच्या सासूबाईंनी अंगावर घेतलं. चार किलोचा, परातीएवढा एक पाव. त्यावर चीजचा गोळा. उरलेल्या जागेत आसुन्ताचा निळा झगा.

"आई, आम्ही फिरायला चाललोय, लढाईला नाही," आसुन्ता म्हणाली.

"लढाईला सरकार खायला घालतं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्यावर गुडघा ठेवून पट्टा आवळला. माझं आयुष्य प्रवासात जाणार अशी माझी समजूत होती. ते कोठीच्या खोलीत जाणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

फ्लॉरेन्सच्या लॉजवर मालकीणबाईंचं मांजर पहिल्याच दिवशी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारून गेलं. तेव्हापासून दोनातो मला हातातून सोडेना. त्यामुळे मित्रांनो, मधुचंद्र दोघांचा असला तरी आम्ही तिघं होतो.

सकाळी तो पहिल्यांदा गेला तो बेकरीत. व्यवसायबंधू म्हणून. पाव घेतला, तोडला, चावला आणि थांबला. मग गल्ल्यावरच्या बाईंच्या कानाशी वाकून, चारचौघांत शोभा नको म्हणून अगदी हळू म्हणाला, "ताई, आज मीठ राहिलंय."

"राहिलं नाही. घातलंच नाही."

"तेच म्हणतोय मी."

"अहो पाहुणे, माझ्या आजोबांनीही घातलं नव्हतं."

दोनातोला त्या आजोबांचं वाईट वाटलं. इतकी वर्षं चूक, आणि घरातलं कुणी बोललं नाही. दुसऱ्या बेकरीत त्यानं तीच सूचना केली. तिसऱ्या बेकरीत तर त्याला दारातूनच ओळखलं. बातमी आमच्या आधी पोचली होती. "आला बघा मीठवाला," आतून कुणीतरी म्हणालं. आसुन्ता रस्त्यापलीकडे उभी राहून दुकानातले हातमोजे पाहू लागली. आपण त्या माणसाबरोबर आलेलो नाही, असं दाखवायची तिची ती पहिली वेळ.

मग शहर पाहणं झालं. मोठ्या चर्चचा घुमट पाहिला. दोनातो म्हणाला, आत भट्टीसारखी हवा खेळत असणार. पुतळे पाहिले. एका संगमरवरी माणसाचे हात त्याला पसंत पडले, पीठ मळायला. चौकातल्या गाडीवर गाईच्या पोटाचं मऊ शिजवलेलं मांस पावात घालून मिळत होतं. ते त्यानं मांस तेवढं उचलून खाल्लं आणि पाव कबुतरांना दिला. कबुतरांनी मात्र तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी मठात, शेवटी, देवदूत. कॅलेंडरात नव्हते असे दोन रंग पंखांत होते. आसुन्ता श्वास रोखून उभी राहिली. दोनातोनं घड्याळ पाहिलं.

"आत्ता दुसरा घाणा निघाला असेल," तो म्हणाला.

दोरा दातानं तोडताना होतं तसं आसुन्ताचं तोंड झालं. मी त्याच्या हातात होते. त्याला ते दिसलं नाही, मला दिसलं.

संध्याकाळी नदीच्या कठड्यावर तो म्हणाला, "उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं का? धाकटा भाऊ एकटा आहे. शिवाय बघून झालं की सगळं."

"तू काय बघितलंस, सांग."

"हेच. सगळं."

"देवदूताचे पंख कुठल्या रंगाचे होते?"

दोनातोनं नदीकडे पाहिलं. नदीला माहीत नव्हतं.

"हे बघ दोनातो," आसुन्ता म्हणाली, "मी भट्टीशी लग्न केलंय का माणसाशी, हे मला घरी जायच्या आत कळायला हवं. उद्या सकाळी अजून एक चित्र आहे. ते बघ. मग दुपारच्या गाडीनं चल, मी तोंडातून शब्द काढणार नाही. पुढेही काढणार नाही."

शेवटचं वाक्य त्याला घाबरवून गेलं.

ते चित्र एका जुन्या मठाच्या भोजनगृहात होतं. दारात राखणदार म्हातारी.

"पेटी बाहेर."

"पाव आहे त्यात, मावशी."

"पाव चित्रं बघत नाही."

दोनातोनं माझा पट्टा सोडला. म्हातारीच्या नाकापर्यंत चीज पोचलं. एक जाड फोड कापून झाल्यावर नियम थोडा सैल झाला आणि मी आत गेले.

भिंतभर लांब टेबल, येशू आणि बारा शिष्य, शेवटचं जेवण. दोनातो घड्याळाकडे हात नेणार, तेवढ्यात थबकला. मला जमिनीवर ठेवलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"आसुन्ता, ये इकडे. हे पाव बघ. हे चार एका हातचे आहेत, कड बघ. हा पाचवा दुसऱ्या घरचा. आणि तो टेबलाच्या अलीकडे एकटा बसलाय ना, त्याच्यापुढचा नीट भाजलेला नाही. त्यानं हातही लावलेला नाही. कोण आहे तो?"

"यहूदा. येशूला पकडून देणारा."

"वाटलंच." मग तो पुढे सरकला. "आणि हा म्हातारा पाव तोडतोय, पण बघतोय येशूकडे. त्याच्या बोटांना कळलंय काहीतरी. तोंडाला अजून कळलेलं नाही."

आसुन्तानं त्या बोटांकडे पाहिलं. तिला ती आधी दिसली नव्हती. ती पंख शोधत होती, आणि या चित्रात पंख नव्हते.

दुपारची गाडी आमच्याशिवाय गेली. म्हातारी शेवटी किल्ल्या वाजवत आली, तेव्हा दोनातो सातव्या शिष्यापाशी होता.

बाहेर आल्यावर आसुन्तानं इथलाच पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस घेतलं, एकावर एक ठेवलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं खाल्लं. मांसात मीठ इतकं होतं की पावाला ते लागतच नव्हतं. बराच वेळ चावून तो म्हणाला, "आजोबांचं चुकलं नव्हतं." मग उठला आणि तिन्ही बेकऱ्यांत माफी मागून आला. तिसरीत त्याला चव म्हणून केक दिला. त्यात मीठ होतं.

मित्रांनो, या गोष्टीला साठ वर्षं झाली. आता चाकांच्या सुटकेसा आल्या आहेत. नातीकडे एक आहे, ती कुत्र्यासारखी मागे मागे येते. मी कोठीच्या खोलीतल्या कपाटावर असते. माझा पत्रा गंजला, पट्टा वाळला. एकदा छत गळलं तेव्हा कारागिराची सूचनाही आठवली.

पण दर एप्रिलमध्ये एकदा दोनातो बिनमिठाचा एक पाव भाजतो. शेजारीण कीव करून म्हणते, "म्हातारा मीठ विसरायला लागला." तो मान डोलावतो. आसुन्ता मला खाली उतरवते, फडक्यानं पुसते, पट्ट्याला तेल लावते, तो पाव माझ्यात ठेवते, आणि आम्ही तिघं गावाबाहेरच्या कठड्यापर्यंत जातो.

तुमच्याही कपाटावर माझ्यासारखं कुणी असेल, तर वर्षातून एकदा खाली काढा आणि बाहेर न्या. लांब न्यायला हवं असं नाही. फक्त पाणी लागू देऊ नका.