संगमेशचा कोरा दगड

छायाप्रतीच्या दुसऱ्या पानावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, टाचणीच्या गंजाचा डागही उमटला होता. तेवढा टाळून अंगठा ठेवत सुष्मितानं पान आत्यापुढं धरलं.

“विंग्रजी हाय व्हय?” रत्नव्वा म्हणाली. “मग मला कशाला दावतीस? वाच की.”

कुरुंदवाडच्या मळ्यात, घरच्या समाध्यांपाशी तिघं बसली होती: रत्नव्वा, तिचा धाकटा भाऊ गुरुसिद्ध आणि त्याची मुलगी सुष्मिता. समोरच्या दगडावर नाव नव्हतं. त्याखाली संगमेश होता, रत्नव्वाच्या पाठचा. एकाहत्तरच्या युद्धाच्या दिवसांत, हवाई दलात असताना, सरावाच्या उड्डाणात त्याचं विमान पडलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

त्यांच्यात माणूस गेलं की बसवूनच माती देतात. संगमेश बंद पेटीत आला आणि पेटी उघडायची नाही, असा हुकूम होता. ती आडवीच पुरली. बसवल्याशिवाय समाधी नाही आणि समाधीशिवाय नाव नाही, असं आईनं ठरवलं. जाताना तिनं रत्नव्वाकडून तसा शब्द घेतला.

“अक्का, पिराजी पाथरवट दरसाल इचारतोय, नाव कवा घालायचं म्हनून,” गुरुसिद्ध म्हणाला. “आता त्याचीच समाधी बांधायची येळ आली.”

“तू गप. पोरीला वाचू दे.”

चौकशीचा हा अहवाल मिळवायला सुष्मिताला दोन वर्षं लागली होती. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. न लिहिलेलं वाचायची तिला सवय नव्हती.

“इंजिन बंद पडलं. उंची कमी होती, उडी मारायला वेळच नव्हता. वैमानिकाची चूक नाही, असं लिहिलंय.” पुढची ओळ तिनं आधी मनात वाचली. “तो आसनावरच सापडला, आत्या. खांद्यावरचे पट्टे बांधलेले होते.”

रत्नव्वा पानाकडं वाकली.

“म्हंजे बसल्यालाच हुता?”

“हो. शेवटपर्यंत.”

“आन् हे आईला कुणी सांगितलं न्हाई.”

“आपण कधी विचारलंच नाही.”

गुरुसिद्ध उसाकडं बघत राहिला. रत्नव्वा हाताचा टेका घेत दगडाजवळ सरकली. बसलेल्या माणसाचा खांदा जितका वर असतो, तेवढ्या उंचीवर तिनं तळहात टेकवला.

“जो बसूनच गेला, त्याला आनखी कोन बसवणार?” ती हळूच म्हणाली. मग मान वळवून भावाकडं पाहिलं.

“गुरू, पिराजीला बोलीव. नाव घालायचं.”