पाचवं दूध

बतूल बेल्जियममधल्या लीएजहून मोरोक्कोतल्या मेकनेसला आली ती एक मूल घेऊन जायला. न्यायाधीशांनी कफालाच्या, म्हणजे दत्तक न घेता सांभाळ करण्याच्या, कागदावर सही केली, तिला पालक ठरवलं आणि मूल ताब्यात दिलं. त्याचं नाव मुन्सिफ. जन्मापासून टाळू दुभंगलेली, वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला. पोर मशिदीच्या पायरीवर सापडलेलं, जन्मतारीख कुणाला ठाऊक? अनाथालयाच्या डॉक्टरांनी तोंडातले दात बघून एक तारीख ठोकून दिली होती. त्या तारखेप्रमाणे त्याला दोन वर्षं पूर्ण व्हायला आता सहा दिवस उरले होते, आणि बतूलचा जीव त्या सहा दिवसांत अडकला होता.

कारण सासू. हाजा यामनानं निघतानाच बजावलं होतं, "ते कागद न्यायाधीशाला दाखव, मला नको. पोरगं रक्ताचं नाही. उद्या त्याला मिशा फुटतील, मग काय स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकं झाकून त्याला वाढणार आहेस? तो दोन वर्षांचा व्हायच्या आत तुझ्या बहिणीचं दूध त्याला पाच वेळा पोटभर पाजून आण. मग तू त्याची दुधाची मावशी, त्याच्यापुढे पडदा नको. तसा येणार असेल तरच या घरात येईल."

बतूलचा नवरा मीलूद भला माणूस, पण आईपुढे त्याची वाचा बसते. त्यानं भिंतीकडे बघत मान डोलावली. कागदावर पालक, दुधानं मावशी. आई कुठेच नाही, असं बतूलच्या मनात आलं, पण तिला तेवढंही चालणार होतं. बारा वर्षं वाट पाहिलेली बाई फार घासाघीस करत नाही.

तिची धाकटी बहीण रुकय्या मेकनेसलाच राहते. रुकय्याला मुलगी झाली, सातव्या दिवशी बोकड कापून तिचं नाव हिबा ठेवलं आणि अकराव्या दिवशी ते बाळ गेलं. विसाव्या दिवशी बतूलनं फोन करून दूध मागितलं. मागताना आपली जीभ कशी झडली नाही, असं तिला अजून वाटायचं. रुकय्या एवढंच म्हणाली, "ये."

मुन्सिफला ओढून पिता येत नव्हतं. रुकय्या वाटीत दूध काढून द्यायची आणि बतूल त्याला ताठ बसवून चमच्यानं पाजायची. गल्लीतल्या फकीहांना, धर्मशास्त्राच्या जाणकारांना, आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, छातीलाच लावलं पाहिजे असं नाही, पोटात गेलं म्हणजे झालं. नाकाबद्दल त्यांना विचारायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पहिल्याच दिवशी चार चमचे पोटात गेले आणि पाचवा नाकातून बाहेर आला.

"हे नाही धरायचं," रुकय्या म्हणाली.

बतूलला ते पटलं. खोटं नातं घेऊन सासूसमोर कशी उभी राहणार? दुसऱ्या दिवशी बरं गेलं. रुकय्यानं एक बोट वर केलं. पुढच्या वेळी थेंबभर नाकाशी आलं. तेही नाही धरायचं. असे अकरा दिवस गेले. बतूलच्या हिशेबानं चांगली नऊ वेळा त्याचं पोट भरलं होतं. रुकय्याची बोटं चारावर थांबली होती.

आणि त्या घरात काहीतरी होतं. रुकय्या सोफ्यावर बसायची ती नेहमी उजव्या कडेला, डावीकडे वीतभर जागा सोडून. एकदा बतूल तिथे टेकली.

"सरक ताई," रुकय्या साध्या आवाजात म्हणाली, "ती दबेल."

बतूल उठली ती थेट अंगणात जाऊन उभी राहिली. भर दुपारचं ऊन होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला. त्यानंतर ती लक्ष ठेवू लागली. मुन्सिफ रडला की रुकय्याचं काहीच व्हायचं नाही. पण तो गाढ झोपलेला असताना, घरात चिटपाखरूही बोलत नसताना तिला पान्हा फुटायचा, झगा समोरून ओला व्हायचा. ती घाईघाईनं आतल्या खोलीत जायची आणि मांडी हलवत बसायची. बतूलला त्या खोलीची भीती वाटू लागली. बहिणीचीही वाटू लागली, आणि त्याची तिला फार लाज वाटली.

आज दुपारी मुन्सिफनं वाटी संपवली. नाक कोरडं. ढेकर दिला आणि तिथेच झोपला.

"पाच," बतूल म्हणाली.

"चार. कोपऱ्यातून ओघळलं."

"रुकय्या, थेंब सांडला नाही. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते."

"मग तुझे डोळे तपास."

"पाच कधीच झाली आहेत. हो ना? खरं सांग."

रुकय्या वाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "सहाव्या दिवशीच," ती शेवटी म्हणाली.

"मग मला का खेळवलंस गं? माझा जीव टांगणीला लागलाय!"

"पाच म्हटलं की तू जाणार. तू गेलीस की दूध आटणार." रुकय्याचा आवाज चढला नाही. "दूध आहे म्हणून ती येते, ताई. ते आटलं तर ती कशाला येईल? माझ्यासाठी?"

तेवढ्यात फोन वाजला. हाजा यामना.

"झाली का पाच?"

फक्त हो म्हणायचं होतं. ते खरंही होतं. हो म्हटलं की उद्याचं विमान, विमानतळावर मीलूद, पुढच्या महिन्यात ओठाची शस्त्रक्रिया. बतूलनं झोपलेल्या पोराकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं.

"चार," ती म्हणाली.

"अगं, करताय काय दोघी तिथे? सहा दिवस उरलेत!"

"सहा दिवस पुरतील, हाजा."

तिनं फोन ठेवला. वाटी आणि चमचा उचलून रुकय्या आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं, आणि दाराआडून तिचा हळू, लाडिक आवाज आला.

"ऐकलंस ना गं? अजून सहा दिवस."