खुर्चीतली बाई

“आता सांगा, खुर्चीत कोण आहे?”

चित्रवाल्या मावशींनी पुस्तक मुलांकडे तोंड करून छातीशी धरलं होतं. मुलांनी आधी चित्र वाचावं म्हणून अक्षरांवर नेहमीची पुठ्ठ्याची पट्टी. वाचनालयाच्या सतरंजीवर पंधरा-वीस मुलं आणि मागच्या बाकावर पुस्तकाची लेखिका, म्हणजे मावशींची धाकटी बहीण. शब्द तिचे, चित्रं मावशींची. नवी आवृत्ती आजच गठ्ठ्यातून निघाली होती. मावशींनी ती उघडून पाहिली नव्हती. बघायचं काय त्यात? बावीस वर्षं हे पुस्तक त्या असंच उलटं धरून दाखवत आल्या होत्या. कुठल्या पानावर काय आहे ते त्यांच्या बोटांनाच ठाऊक.

हा प्रश्न शेवटच्या पानाचा. पहिल्या पानापासून आजी खिडकीजवळच्या खुर्चीत विणत बसलेली असते. शेवटच्या पानावर खुर्ची तशीच, लाल लोकरीचा गुंडा खाली पडलेला, आजी मात्र नाही. शब्द एवढंच म्हणतात, ‘संध्याकाळी सगळे खिडकीपाशी बसले.’ दर वेळी मुलं सांगायची, “कोणीच नाही.” मग गप्प व्हायची. एखादं पोर हळूच शेजाऱ्याला चिकटायचं. गाणारा श्वासापुरता थांबतो आणि तेवढ्या फटीत झांज बोलून जाते, तशी ती जागा होती. खरं तर मावशी तेवढ्यासाठीच यायच्या.

“आजी!” मुलं एका सुरात ओरडली.

मावशी हसल्या. “अरे लबाडांनो, डोळे घरी विसरलात की काय? नीट बघा.”

“आजीच आहे! हसतेय!”

“तिचे दातपण दिसतायत!”

“मावशी, चष्मा तुम्हीच लावा!” एक जण म्हणाला आणि सतरंजीभर हशा पिकला.

मावशींनी पुस्तक फिरवलं.

खुर्ची त्यांच्याच हातची होती. डाव्या हाताशी वेत उसवलेली, आईची खुर्ची. आई गेली त्याच आठवड्यात काढलेली. आणि तिच्यात एक गुबगुबीत, गुलाबी गालांची बाई बसली होती. दुसऱ्याच कुणाच्या हातची. या बाईला मावशींनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी पट्टी सरकवली. खाली नवं वाक्य होतं, ‘आजी म्हणाली, मी कुठे जातेय? मी आहे की इथेच!’

आजारपणात आई हेच म्हणायची. अगदी याच शब्दांत. ते ऐकायला तेव्हा खोलीत या दोघी बहिणीच तर होत्या.

“झालं हं आजचं. आता हवं ते पुस्तक घ्या,” पुस्तक सतरंजीवर ठेवत मावशी म्हणाल्या. मुलं कपाटांकडे पळाली. बहीण पदराशी चाळा करत पुढे आली.

“ताई, मी सांगणारच होते.”

“कधी?”

“अगं, आईबापांच्या तक्रारी येतात. शेवटी मुलं रडतात म्हणे. प्रकाशक म्हणाले, बदला, नाहीतर आम्ही छापत नाही.”

“आणि तू हो म्हणालीस.”

“तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस.”

“एक पान तर आहे, ताई! बाकी सगळं तुझंच आहे ना? तू पण कमाल करतेस.”

आई गेली त्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात बसून हीच रडत म्हणाली होती, “मला नाही लिहिता येत गं. तू रिकामी खुर्ची काढ. तिथे मी गप्प बसते.” मावशींना त्याची आठवण करून देता आली असती. शब्द ओठांपर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले. गप्प बसायचं दोघींपैकी एकीने तरी पाळायला हवं होतं.

“मावशी, ही आजी खोटी आहे.”

दोन वेण्यांची एक मुलगी सतरंजीवर पालथी पडून तेच पान बघत होती. मावशी तिच्याजवळ खाली बसल्या. “का गं?”

“खुर्चीची सावली आहे. गुंड्याचीपण आहे. हिची नाहीच.” मुलीने मान वर केली. “मग खरी आजी कुठे गेली?”

“अगं, आहे की ती!” बहीण मागून घाईघाईने म्हणाली. “बघ ना, इथेच तर बसलीय!”

मुलीने तिच्याकडे पाहिलं, मग मावशींकडे.

मावशींनी पुठ्ठ्याची पट्टी उचलली आणि आज पहिल्यांदाच अक्षरांऐवजी चित्रावर ठेवली. खुर्चीतल्या बाईचे गाल झाकले, हसू झाकलं. पट्टी अरुंद, कोपर बाहेर राहिलं. मुलीने न सांगता त्यावर आपला तळहात ठेवला.

आता फक्त खुर्चीचे पाय दिसत होते, लाल गुंडा आणि जमिनीवर लांबलेली सावली.

मुलगी गप्प झाली. मग हळूच सरकून मावशींना टेकली.

“ताई,” मागून हाक आली.

मावशींनी पट्टीवरचं बोट हलवलं नाही.