गाठ घराच्या बाजूला

बायको गेल्यावर कुत्र्यांना फिरवायचं काम माझ्याकडे आलं. घरातली कुत्री बदलत गेली, पण त्यांना रानात न्यायची तीच. मी लेथवर काम करायचो, पाळी सकाळी सहाची. ती निघायची तेव्हा मी कारखान्यात असायचो. तिला ओलं, धुक्याचं रानच जास्त आवडायचं. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की चिखलाने भरलेल्या बुटांनी दारात उभी राहून म्हणायची, "तुम्ही काय गमावताय ते तुम्हाला कळायचं नाही."

आता कळतं. ओल्या पानांवर पावलांचा आवाज होत नाही. फांद्यांवरून थेंब पडत राहतात. थोरली कुत्री पुढे आणि धाकटा कुत्रा तिच्या मागे नाक लावून. दीड तास डोक्यात काही येत नाही. मुलगी फोनवर बजावते, बाबा, अशा हवेत जाऊ नका, घसराल. मी हो म्हणतो आणि जातो.

पहिल्याच आठवड्यात मला रानात तिची कातरणं दिसली. ती घरी शिवणकाम करायची. उरल्या कापडाच्या वीतभर पट्ट्या तिने वाटेवरच्या झाडांना बांधल्या होत्या, जिथे जिथे फाटा फुटतो तिथे. एक निळी, एक फुलाफुलांची, एक माझ्या जुन्या शर्टाची. तिच्या हातची गाठ बघितली आणि मला राहवलं नाही. एकेक सोडवून खिशात घातली. नऊ निघाली. तिच्या सुयांच्या डब्यात ठेवली आणि रोज उघडून बघत बसलो.

मग वाटलं, रानात आता तिचं काहीच उरलं नाही. म्हणून शर्टाची पट्टी परत नेली आणि वठलेल्या झाडाला बांधली. रानातून परत येताना तिथे वाट फुटते. उजवी वाट वस्तीकडे उतरते. डावी जुन्या दगडखाणीकडे जाते. खाण बंद होऊन जमाना झाला. खड्ड्यात पाणी साचलंय आणि कुंपण कधीच पडलंय.

त्यानंतर चार दिवसांनी रानात पोस्टमन भेटला. रिटायर होऊन त्याला दहा वर्षं झाली, तरी सगळे त्याला पोस्टमनच म्हणतात. त्याच्या कुत्रीचं नाव टपाल, कारण ती लोकांच्या चपला भलत्याच दारात नेऊन टाकते. त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं तो पुढे ढकलतोय. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. बायकोचा विषय निघाला, तेव्हा तो म्हणाला की धुक्यात तो वहिनींच्या पट्ट्यांच्या खुणेवरच वाट काढतो.

"त्यांनीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पोस्टमन, डोळ्यांवर विसंबू नका, गाठ चाचपा. गाठ ज्या बाजूला, त्या बाजूला घर."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. हल्ली पट्ट्या दिसत नाहीत, वाऱ्याने उडाल्या असतील, असंही तो म्हणाला. बाकीची वाट टपालला ठाऊक होती. पण वठलेल्या झाडाशी ती हटकून चुकीच्या बाजूला ओढायची, सशांच्या वासाने. तिथली पट्टी शाबूत आहे, तेवढी बास, असं म्हणून तो गेला. मी काढल्या, एवढं सांगायला माझी जीभ उचलली नाही.

संध्याकाळी डबा घेऊन बसलो तेव्हा विचार आला, मी गाठ कुठल्या बाजूला बांधली? डोळे मिटून आठवून बघितलं. झाडाच्या उजवीकडे डबकं होतं. पाय भिजू नयेत म्हणून मी डावीकडे उभा राहिलो होतो. आणि गाठ आपल्याकडे ओढून आवळली होती.

फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सकाळी लवकर जाऊन गाठ फिरवू, कुणाला कळायचं नाही, असं ठरवलं.

सकाळी उठलो तर समोरचं घर दिसत नव्हतं, इतकं धुकं. बूट घालत होतो तेवढ्यात दारावर खरखर झाली. थोरली उठून उभी राहिली. दार उघडलं. बाहेर टपाल होती, भिजलेली, एकटी. पट्टा मागे चिखलात लोळत होता.

मी कपडे वाळत घालायची दोरी सोडवली, दोन्ही कुत्री घेतली आणि आधी पोस्टमनच्या घरी गेलो. टपालला त्याच्या सुनेकडे सोपवून म्हटलं, माणसं गोळा करून खाणीवर पाठव.

"खाणीवरच कशावरून?" तिने विचारलं.

मी तोवर रानाच्या वाटेला लागलो होतो.

वठलेल्या झाडाशी पोचलो. पट्टी दिसत नव्हती म्हणून चाचपली. गाठ डावीकडेच होती. दोन्ही कुत्री माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आम्ही डावीकडे वळलो. मी हाका मारत होतो आणि धुकं त्या गिळत होतं. मग थोरली एकदम खाली बसली. ओढली तरी हलेना. तिच्यापुढे दोन पावलांवर जमीन संपली होती.

खालून खोकल्याचा आवाज आला. पोस्टमन दहा-बारा फूट खाली, पाण्याच्या वर एका खडकाच्या कपारीत अडकला होता. एक पाय कामातून गेला होता. मी दोरी झाडाला गुंडाळली आणि टोक खाली सोडलं. त्याने ते काखेखालून बांधून घेतलं. वर ओढायची ताकद माझ्यात नव्हती. मी पालथा पडून नुसता धरून राहिलो.

"गाठ इकडेच होती हो," तो म्हणाला. "मी दोनदा चाचपली. वहिनी चुकायच्या नाहीत कधी."

ते मला ऐकवेना.

"ती तिची गाठ नव्हती," मी म्हटलं. "तिच्या सगळ्या मी काढल्या. ही मी बांधली."

थेंब पडत होते. दोरी तळव्यात रुतत होती.

"धरून ठेवा," तो शेवटी म्हणाला. "बाकीचं वर आल्यावर."

माणसांचे आवाज आले आणि लांब जायला लागले. ते धुक्यात भलतीकडे वळले होते. मी ओरडलो, पण हाका मारून आवाज बसला होता. तेव्हा थोरली भुंकली. बायको गेल्यापासून तिने तोंड उघडलं नव्हतं. ती थांबेचना, आणि आवाज हळूहळू आमच्याकडे वळले.

त्यांनी पोस्टमनला वर काढलं. त्याचा पाय जुळायला तीन महिने लागले. आता नऊही पट्ट्या झाडांवर आहेत, गाठ घराच्या बाजूला. पोस्टमन काठी टेकत येतो. त्या दिवसाबद्दल तो एक शब्द बोललेला नाही. टपालने पळवलेल्या चपलांच्या गोष्टी सांगतो, हसतो. पण धुकं असलं की वठलेल्या झाडाशी थांबतो. पट्टीला हात लावत नाही. टपालचा पट्टा आखडून धरतो आणि मला म्हणतो, "तुम्ही व्हा पुढे."

मी पुढे होतो.