काठाला बांधलेले फुगे

माझे वडील चार वर्षांत माझ्या घराची पायरी चढले नव्हते. जांबोटीच्या शेतकऱ्याच्या लेकीनं वडगावातल्या विणकराच्या मुलाशी लग्न केलं, एवढाच माझा गुन्हा. "मागाच्या खडखडाटात महिनाभर टिकणार न्हाईस," असं म्हणाले होते. पहिली तीन वर्षं ते रिवाजाच्या आड लपले. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नसतं म्हणे. मूल झाल्यावर मग कधी भातकापणी, कधी म्हैस व्यायला आली. सौम्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी फोनवर सरळ सांगून टाकलं, "आप्पा, ह्या खेपंला आला न्हाईसा तर परत बोलवणार न्हाय."

"येतो. पण जेवायला थांबणार न्हाय."

बघतेच कसे थांबत नाहीत ते, असं मी मनात म्हटलं. मी हट्टी आहे, आणि हा हट्ट मला त्यांच्याकडूनच आलाय.

अमृतनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, खडेबाजारातून हेलियमचा छोटा सिलिंडर भाड्यानं आणला. फुग्याचं तोंड नळीवर चढवायचं, नळी हलकेच वाकवायची, की झालं. पहिले चार फुगे मी फोडलेच. प्रत्येक आवाजाला सौम्या भोकाड पसरायची आणि मालुबाई, माझ्या सासूबाई, तिला घेऊन परसात पळायच्या. पाचव्यापासून मात्र माझा हात बसला.

बांधायला मी रिबिनी आणल्या होत्या. त्या बघून आत्तींचं, सासूबाईंना मी आत्ती म्हणते, डोकंच फिरलं. "विणकराच्या घरात प्लॅस्टिक? माणसं काय म्हनतील?" त्यांनी पेटी उघडून साड्यांच्या जरीकाठाच्या पट्ट्या काढल्या. दोन बोटं रुंद, दोन हात लांब, लालभडक, चमकणाऱ्या. मला तर हे फारच आवडलं. आप्पांना दिसू दे, ह्या घरात काय विणलं जातं ते. मी प्रत्येक फुग्याच्या तोंडाला गाठ मारली आणि आत्तींनी तिच्यावर काठ बांधला. चोवीस फुगे झाले.

एकही वर जाईना. सगळे फरशीवर, काठ खाली पसरून, परड्यातल्या भोपळ्यांसारखे बसून राहिले.

"गॅस खोटा दिलाय त्यानं," अमृत म्हणाला आणि दुकानदाराशी भांडायला निघून गेला. मी आणखी दोन फुगे चांगले मोठे फुगवायला घेतले. तेही फुटले. गॅस संपत आला होता. तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

आप्पा दोन तास आधीच आले होते. जांबोटीहून सोयीची बस तेवढीच. माझ्या कपाळाला घाम, केसांत फुग्याचा तुकडा आणि फरशीभर माझी फजिती. चार वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो असा आला, म्हणून मला रडूच फुटायचं बाकी होतं.

एक फुगा उचलून त्यांनी काठ तळहातावर घेतला आणि बियाणं जोखावं तसा जोखला. "एवढ्याशा जिवाच्या गळ्यात एवढं ओझं कशाला घातलायसा गं?"

त्यांनी हिसका देऊन काठ ओढून काढला. फुगा हातातून सुटला आणि टपकन आढ्याला लागला.

मला आनंद झाला आणि लगेच रागही आला. बरोबर यांनाच कळायचं होतं! आणि आत्तींचा चेहरा तर एवढासा झाला. इतक्या हौसेनं बांधलेलं सगळं आता सोडायचं होतं.

आत्तीच मग खाली बसल्या. "पाव्हणं, उभं काय ऱ्हायलासा? सोडा की. आन् वडू नका, विणकराची गाठ हाय, माघारी दाबली की सुटती."

आप्पा बसले. नांगर धरणाऱ्या त्या जाड बोटांना काही ती गाठ सुटेना. आत्तींनी दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा "अवो, असं न्हवं" म्हणून चक्क त्यांच्या हातावर चापट मारली. मी एकेका फुग्याला मागावरचं सूत बांधत गेले. फुगे वर जात होते, सौम्या हात उंचावून किंचाळत होती. तासाभरानं आप्पांच्या मांडीवर काठांचा ढीग साठला. त्यातला एक त्यांनी उजेडात धरला.

"ह्यो कुणी विणलाय?"

"तुमच्या लेकीनं," आत्ती म्हणाल्या. "पयल्याच वर्साला. मागाची कळ दाबायला भ्यायची. आता दोन माग एकटी संबाळती."

आप्पा बराच वेळ त्या काठावरून अंगठा फिरवत राहिले. माझ्याकडे बघेचनात. मग सौम्याला ओढून कुशीत घेतलं आणि तिच्याच डोक्याकडे बघत म्हणाले,

"मनिषा, लई भूक लागलिया गं. वाढ काय आसंल ते."